‘नाही’ म्हटलं की बंद होणारे चौकोन

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांची सून नोकरीत नेमकं करते तरी काय. नालवाडीच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलंच तर त्या सांगायच्या, "दवाखान्यात चौकोन काढते." विचारणारी बाई गप्प व्हायची, कारण चौकोन काढायचा पगार मिळतो हे तिला पटायचं नाही. माझा मात्र जळफळाट व्हायचा. आता निवृत्त होऊन हे लिहायला बसले, तर लक्षात येतं की म्हातारीनं माझं काम तीन शब्दांत बरोबर सांगितलं होतं. मी चौकोन काढायचे, आणि कोणता चौकोन कुणासाठी उघडायचा, कुणासाठी बंद ठेवायचा, तेही मीच ठरवायचे.

वर्ध्याहून सेलूकडे जाताना एक ट्रस्टचं छोटं रुग्णालय होतं. नाव लिहीत नाही, आता ते त्या रूपात राहिलेलंही नाही. तिथल्या रेकॉर्ड विभागात मी नव्वदीच्या सुरुवातीला कारकून म्हणून लागले. पुढे कॉम्प्युटर आले. दोन हजार सालाच्या आसपास वॉर्ड, रक्तपेढी, स्वयंपाकघर, सगळं तारांनी जोडलं गेलं, आणि कागदी मागणीपत्रं पडद्यावर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'ऑनलाइन' हा शब्द तेव्हा आम्ही फार ऐटीत वापरायचो. वॉर्डात सिस्टरनं भरलेली मागणी पलीकडच्या इमारतीत छापून बाहेर पडायची, एवढाच त्याचा अर्थ होता.

बाहेरच्यांना वाटतं, फॉर्म म्हणजे काय, प्रश्न लिहायचे आणि पुढे जागा सोडायची. कागदावर तसंच असतं. कागद सगळ्यांना सगळंच विचारतो. सत्तर वर्षांच्या आजोबांनाही 'गरोदर आहे का?' विचारतो आणि आजोबा तिथे आडवी रेघ मारतात. पडद्यावर तसं करावं लागत नाही. 'पुरुष' निवडलं की गरोदरपणाचा चौकोन करडा पडतो, त्यात अक्षर उमटतच नाही. 'स्त्री' निवडलं की तो उघडतो आणि मग भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. एका उत्तरावर दुसरा प्रश्न अवलंबून. अशा अटी घालण्यात मला जी मजा यायची ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. नवऱ्याला सांगायला गेले तर तो कापडाच्या दुकानाचं शटर पाडता पाडता म्हणायचा, "बरं बरं."

पहिला फटका मला जेवणानं दिला. रुग्णांच्या आहाराचा फॉर्म केला होता. त्यात 'तोंडाने काहीही देऊ नये' हा पर्याय निवडला की बाकीचे सगळे चौकोन बंद. बरोबरच आहे ना, ज्याला खायचंच नाही त्याला पोळी की भात कशाला विचारायचं? हाडांच्या वॉर्डातल्या एका सिस्टरच्या आठ दिवसांत लक्षात आलं की हे निवडलं की फॉर्म चटकन संपतो. ड्यूटी बदलायच्या घाईत तिनं अख्ख्या वॉर्डासाठी तेच टिक केलं. आचाऱ्याला फोन करून सांगू म्हणाली, आणि विसरली. दुपारी एक वाजता पाय टांगलेले बावीस पेशंट उपाशी, आणि त्यांचे नातेवाईक माझ्या दारात!

"काऊन जी मॅडम, आमच्या बुढ्याचं हाड मोडलं हाये, दात नाई मोडले!" एक जण ओरडला. खिचडी शिजेपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या दिवशी एक शिकायला पाहिजे होतं. माणूस थकलेला असला की फॉर्म जिकडे आखूड होतो तिकडे जातो. मी शिकले ते एवढंच, की त्या सिस्टरची तक्रार करायची. केलीही.

मग आला रक्ताच्या मागणीचा फॉर्म. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा फॉर्म होता, हे मी आजही म्हणेन. रक्तपेढीत वानखेडेभाऊ म्हणून तंत्रज्ञ होते. वीस वर्षं तिथेच, गालात कायम सुपारी, बोलणं कमी. त्यांच्याकडे कागदी मागणीपत्रांचा गठ्ठा होता. मी एकेक रकाना विचारत गेले. जवळजवळ प्रत्येक बाईच्या कागदावर वरच्या समासात त्यांच्या हातचं दुसरं एक नाव लिहिलेलं दिसलं.

"हे काय?"

"माहेरचं नाव जी. नाई तं सासरचं. जुनं कार्ड पाहासाठी लागते."

"जुनं कार्ड म्हणजे पेशंटला आधी रक्त दिलं असेल तर ना?"

"हव. पण मी तं सगळ्याच बायायले विचारतो."

"सगळ्यांना कशाला? आधी रक्तच दिलं नसेल तर कार्ड कुठून येणार?"

वानखेडेभाऊंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "तुमी म्हन्ता तं बरोबरच असंन," म्हणाले.

तर्क अगदी चोख होता, आजही त्यात चूक काढता येत नाही. मी प्रश्न ठेवला, 'पूर्वी रक्त दिले आहे का?' हो म्हटलं की खाली चार चौकोन उघडायचे: केव्हा, कुठे, काही त्रास झाला का, आणि तेव्हाचे नाव. 'नाही' म्हटलं की चारही बंद. आणि 'नाही'च्या जोडीला 'तातडी' असेल, तर रक्तपेढीच्या चिठ्ठीवर आपोआप छापून यायचं, 'जलद चाचणी'. म्हणजे गट जुळवा, वरवर तपासा आणि पिशवी सोडा. पूर्ण चाचणीला पाऊण तास लागतो, जलदला पाच-सात मिनिटं. डॉक्टरांच्या समितीनं त्यावर सह्या केल्या, माझं कौतुक केलं. मी घरी जाताना पेढे नेले.

मे महिना होता. फॉर्म सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास रक्तपेढीचा प्रिंटर अडकला म्हणून मी तिथे गेले होते. प्रिंटर सुरू झाला आणि पहिलीच चिठ्ठी बाहेर आली. प्रसूती वॉर्ड. मंदा, वडिलांचं नाव, सेलूजवळचं गाव. बाळंत झाली आहे, रक्तस्राव थांबत नाही. तातडी: हो. पूर्वी रक्त दिले आहे का: नाही. जलद चाचणी.

वानखेडेभाऊ कामाला लागले आणि मी चक्क घड्याळ लावून बघत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्या बाईची काळजी नव्हती. माझा फॉर्म किती वेळ वाचवतो ते मोजायचं होतं. सात मिनिटांत पिशवी आयाच्या हातात होती आणि आया वॉर्डाच्या वाटेला. मी हसून वानखेडेभाऊंकडे पाहिलं. ते चिठ्ठीच उलटीसुलटी करत होते.

"काय झालं?"

"सासर कोनतं हाये हिचं?"

"त्याची काय गरज? 'नाही' आहे ना ते. चौकोन उघडलेच नाहीत."

"नाई जी, बाळंतपनाले माहेरी आली असंन म्हनून बापाचं नाव लिवलं. नाई कोनं म्हनलं? पोरगी तं बोलाच्या हालतीत नसंन. मंग तिच्या मायनंच म्हनलं असंन. मायले काय मालूम सासरी काय झालं तं?"

मला राग आला. तीन आठवड्यांचं कौतुक डोक्यात गेलं होतं. "भाऊ, तुम्हाला कॉम्प्युटर नकोच होता, असं सरळ म्हणा ना!"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुमचं माहेरचं नाव काय जी?"

"पुष्पा," मी म्हटलं.

मी सुनंदा आहे. पगारपत्रकावर, रेशनकार्डावर, रुग्णालयाच्या ओळखपत्रावर सुनंदा. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नाव काढलं आणि पुष्पा संपली. माझी आई जिवंत असेपर्यंत मला पुष्पीच म्हणायची. मला मुलगा झाला तेव्हा मी माहेरी होते, तिथल्या दवाखान्याच्या वहीतही मी पुष्पाच आहे. आमच्याकडे हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण फॉर्म करताना मी बाई नव्हते, कॉम्प्युटरवाली झाले होते.

मी वॉर्डाला फोन लावला, लाइन गुंतलेली. तसाच टाकला आणि पळाले. मधलं पटांगण उन्हानं पेटलं होतं, एक चप्पल तिथेच राहिली. वाटेत मनात एकच चाललं होतं. हिला याआधी रक्त दिलं असेल आणि अंगाला सोसलं नसेल, तर या पिशवीनं ती मरेल. आणि दिलं नसेल, तर मी पिशवी थांबवल्यानं मरेल.

वॉर्डात पोचले तेव्हा पिशवी लागलेली होती. नळीतून थेंब पडत होते.

"थांबवा! रक्त थांबवा!"

डॉक्टर काळेबाईंनी वर पाहिलं. कोपरापर्यंत हात लाल. "तुम्ही रेकॉर्डच्या ना? बाहेर व्हा!"

"बाई, हिचं सासरचं नाव वेगळं असेल. जुनं कार्ड बघितलेलं नाही."

"रक्त थांबवलं तर ही हातची जाईल, कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "मॅडम, पेशंट थंडी वाजून कापतेय." खरंच ती मुलगी हुडहुडत होती, दात वाजत होते, मे महिन्यात. काळेबाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं नळीची चिमटी बंद केली. "सलाईन जोरात सोडा," म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "दोन मिनिटं देते. शोधा."

दाराबाहेर तिची आई बसली होती. गिरजाबाई, शेतावरून तशीच आलेली, मांडीवर कपड्यात गुंडाळलेली नात.

"मावशी, पोरीला सासरी काय म्हणतात?"

"वैशाली म्हन्ते. आमी मंदाच म्हन्तो."

"नवऱ्याचं नाव, आडनाव?"

तिनं सांगितलं. मी तिथल्याच टेबलावरून रेकॉर्डला फोन लावला. माझा सहकारी भोयर होता. त्याला म्हटलं, जुन्या कार्डांचं कपाट उघड, 'वै' काढ. फोनमधून खण ओढल्याचा आवाज आला. मग नुसतीच कार्डं सरकल्याचा आवाज. गिरजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, काय झालं वं? माह्या पोरीले काय झालं?"

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"मिळालं," भोयर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीचं. गर्भ पडला होता, रक्त दिलं होतं. मॅडम, लाल शाईनं लिहिलंय. रक्तात विरोधी द्रव्य तयार झालेलं आहे, पूर्ण चाचणीशिवाय कोणतीही पिशवी देऊ नये. खाली वानखेडेंची सही आहे."

हे दोन वर्षांपूर्वी आमच्याच रुग्णालयात झालेलं. सासरच्यांनी माहेरी नुसतं 'पोट गळलं' एवढं कळवलं होतं, रक्ताचं कोण सांगणार?

मी दारातून ओरडून सांगितलं. काळेबाईंनी पिशवी काढून सिस्टरच्या हातात दिली. पलीकडे वानखेडेभाऊंनी मला न विचारताच पूर्ण चाचणी लावलेली होती. त्यांना कार्डाची गरज नव्हती, त्या 'नाही'वर त्यांचा विश्वासच नव्हता. फ्रिजमधल्या तिच्या गटाच्या सात पिशव्यांपैकी पाच नापास झाल्या. पाऊण तास काळेबाई त्या मुलीच्या पोटावर मुठी दाबून उभ्या होत्या आणि मी अनवाणी पायानं व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. देवाचं नाव घेत होते, आणि देव मला पुष्पा म्हणून ओळखेल की सुनंदा म्हणून, असलंही काहीतरी डोक्यात येत होतं. शेवटी आया जुळलेली पिशवी घेऊन पळत आली.

मंदा वाचली. आत गेलेल्या थोड्याशा रक्तानंही तीन दिवस तिची लघवी काळपट येत होती आणि तिन्ही दिवस मी सकाळी आल्या आल्या आधी तिच्या कॉटपाशी जायचे. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाली, साफ आहे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला फुशारकीनं सांगितली असती. पण अशा प्रसंगानंतर एक अहवाल भरावा लागायचा. तो फॉर्मही माझाच. अधीक्षक म्हणाले, "सुनंदाबाई, तुम्ही तिथे होता, तुम्हीच भरून टाका."

'चूक कशामुळे' या चौकोनात चार पर्याय होते: डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, नातेवाइकांकडून अपुरी माहिती. 'इतर' मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. 'इतर' ठेवलं की लोक डोकं चालवत नाहीत, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे. आता मी त्या चारांसमोर बसले होते. काळेबाईंची चूक नव्हती. सिस्टरनं विचारायचं ते विचारलं होतं. वानखेडेभाऊंनी तर जीव वाचवला होता. फॉर्म चुकला, असं म्हणायची सोयच मी केलेली नव्हती. जागेवरून उठून अधीक्षकांकडे जाऊन तोंडानं सांगता आलं असतं. समितीनं माझं कौतुक केलं होतं, बढतीची फाइल टेबलावर होती. मी उठले नाही.

चौथा पर्याय निवडला. लगेच खाली एक चौकोन उघडला, 'नातेवाइकाचे नाव'. भरल्याशिवाय पुढे जाता येईना, मीच तसं केलेलं. मी लिहिलं, गिरजाबाई.

मला वाटलं होतं, अहवाल फाइलीत जाऊन पडेल. तसं झालं नाही. मंदाला घरी सोडायच्या दिवशी एका साहेबांनी गिरजाबाईला बोलावून चांगलं झापलं. माहिती लपवता, पोरगी मेली असती तर आमच्या नावानं बोंबललं असतं, वगैरे. हे मला नंतर कळलं. आधी ती माझ्या दारात आली. पदराखालून चार कैऱ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"बाई, तुमी पयत आल्या म्हनून वाचली पोरगी. माह्याच तोंडानं घात केला असता जी. मीच नाई म्हनलं."

"नाही हो मावशी, असं काही नाही," मी म्हटलं. "असं काही नाही" याचा अर्थ काय होतो? काहीच होत नाही. ती डोळे पुसत गेली आणि मी कैऱ्या घरी नेल्या. सासूबाईंनी त्यांचं लोणचं घातलं. ते वर्षभर पानात वाढलं जायचं आणि मी ते एकदाही तोंडात घालू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन बदल केले. रक्ताच्या फॉर्मवर, सगळ्यात वर, 'माहेरी काय म्हणतात? सासरी काय म्हणतात?' असे दोन चौकोन घातले. ते कशानंही बंद होत नाहीत. वानखेडेभाऊंनी बघितलं आणि "आता जमलं जी," एवढंच म्हणाले. दुसरा बदल अहवालाच्या फॉर्ममध्ये, पाचवा पर्याय: 'फॉर्म चुकला'. तो पर्याय पुढची सात वर्षं तिथे होता. इतरांनी तो दोनदा निवडला, दोन्ही वेळा बरोबर होता. मी माझा अहवाल दुरुस्त केला नाही. उद्या करू, उद्या करू, असं चाललं होतं.

निवृत्तीच्या आठवड्यात टेबल आवरताना मी तो अहवाल उघडला. गिरजाबाईचं नाव काढलं, पाचवा पर्याय निवडला. तर खाली आणखी एक चौकोन उघडला. महिन्याहून जुनी नोंद बदलायची तर तो उघडायचा, हेही मीच केलेलं आणि विसरलेलं. 'उशिराचे कारण.' रिकामा ठेवता येत नव्हता. मी लिहिलं, 'कामाच्या व्यापामुळे.' मशीननं मुकाट्यानं घेतलं. 'आपली नोंद स्वीकारली आहे, धन्यवाद,' म्हणालं.

त्या कागदाची प्रत घेऊन मी सेलूची बस पकडली. तिथून ऑटोनं त्यांच्या गावी. गिरजाबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. "या वं बाई, बसा." मंदा सासरी होती, बरी होती, पोरगी पहिलीत गेली होती. मी कागद पुढे केला आणि सांगितलं, मावशी, तुमची चूक नव्हती. माझी होती. तुम्हाला जे विचारायला पाहिजे होतं ते विचारायची जागाच मी बंद करून ठेवली होती. आणि वर नाव तुमचं लावलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. कागद तिनं घेतला नाही, वाचता येत नव्हतं.

"मंग येवढे दिवस काऊन लागले, बाई?"

कामाचा व्याप जिभेवर आला होता. तो तिच्यासमोर चालला नसता.

"हिंमत झाली नाही, मावशी."

तिनं सूप खाली ठेवलं. "सात वर्सं झाले," ती म्हणाली, "मी दवाखान्यात कोनाच्याच संगं जात नाई. कोनं काई इचारलं अन् माह्या तोंडातून पुन्ना काई चुकीचं निंगालं तं, म्हनून."